बत्तिसावा शेजारी

कचेरीत सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. लिफ्ट अडकली की बाकीचे घड्याळाकडे बघत, आणि बाई लिफ्टवाल्याला विचारत, ‘अहो, पण ही नेहमी चौथ्याच मजल्यावर का अडकते?’

त्यांची कचेरी म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा चौक. एकतीस कंपन्यांच्या तारा एका खोलीत येत, एका उंच लोखंडी कपाटात शिरत आणि तिथे एकमेकींना जोडल्या जात. ह्या कंपन्यांना कचेरीत ‘शेजारी’ म्हणायची पद्धत होती. बाजारात एकमेकांचे गळे धरणारे शेजारी, पण एकाची तार बंद पडली की दुसऱ्याचं घोडं अडलंच. कुठली तार कधी, किती वेळ बंद ठेवणार, हे सगळ्यांना आधी कळवणं हे बाईंचं काम.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी असंच कळवलं होतं. सकाळी दहा वीसपासून चाळीस मिनिटं अमुक तार बंद. निरोप आठ दिवस आधी गेला. ज्याच्या नावाने गेला, त्या माणसाला नोकरी सोडून वर्ष झालं होतं. नेमक्या त्याच शेजाऱ्याच्या तारेवरून शहरातल्या ॲम्ब्युलन्सचा नंबर चालायचा. तो चाळीस मिनिटं मुका झाला. एका आजोबांनी आजींसाठी तेवढ्या वेळात एकसष्ट वेळा फोन लावला. आजी गेल्या, आणि सहा महिन्यांनी आजोबाही. चौकशी समितीने बाईंना निर्दोष ठरवलं. निरोप पाठवल्याचा पुरावा होता ना. पण निरोप पाठवला म्हणजे तो पोचला असं नव्हे, हे आपल्याला का सुचलं नाही, ह्या विचाराने बाई आतून पोखरल्या गेल्या होत्या. आजोबांचा पत्ता त्यांना पाठ झाला होता. परत आपल्या हातून असं झालं तर ही नोकरी करायची नाही, हे त्यांनी वडिलांना सांगून टाकलं होतं.

वडील जुन्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. उभी हयात कानाला हेडफोन आणि हातात प्लग. ते म्हणाले, “आमच्याकडे साधा नियम होता. पलीकडचा माणूस ‘झालं’ म्हणेपर्यंत प्लग उपटायचा नाही. तुमच्याकडे एवढी यंत्रं, पण पलीकडे माणूस आहे की नाही हे कोणी बघत नाही.”

बाईंनी तोच नियम आणला. एकतीस शेजाऱ्यांची यादी नव्याने केली. प्रत्येकाकडे जिवंत माणूस कोण, त्याचा थेट नंबर कोणता, तो रजेवर गेला तर कोण, हे फोन करकरून विचारलं. अर्धे नंबर बंद निघाले. एक तर केशकर्तनालयात लागला, आणि तिथल्या माणसाने अपॉइंटमेंटही देऊ केली. मग तारांच्या खोलीत भिंतीवर फक्त शेजाऱ्यांसाठी एक फोन बसवला. कुठलंही काम असलं की सगळ्यांना ठरलेला निरोप जाई, आणि प्रत्येकाने एक छोटा फॉर्म भरून खाली लिहायचं: ‘कळलं. वाहतूक वळवली. बंद करा.’ सगळ्यांचे होकार आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही.

साहेब म्हणाले, “बाई, लग्नाच्या याद्यासुद्धा एवढ्या काटेकोर नसतात.” पण त्यांनी सही केली.

पहिल्याच कामाला बत्तीस होकार आले.

बाईंना वाटलं, कोणीतरी दोनदा पाठवला असणार. तपासलं तर तसं नव्हतं. बत्तिसाव्या होकारावर कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं ‘शेजारी ३२’. बाकी तो होकार सगळ्यांत नीट भरलेला होता. वेळ बरोबर, फोन नंबर दिलेला, आणि ‘कामाच्या वेळी हजर कोण’ ह्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आम्ही सगळे’. बाकी एकतीस जणांनी हा रकाना रिकामाच सोडला होता.

“कोणीतरी थट्टा करतंय,” काका म्हणाले. काका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. कपाटातली तार न् तार त्यांच्या हातची.

“असेल. पण काका, थट्टा करणारा फॉर्म इतका मन लावून भरेल का?”

दोघं खोलीत गेले. पंख्यांचा एकसारखा आवाज, बोटं गारठवणारी हवा, हिरवे दिवे लुकलुकत होते. काकांनी बोट ठेवून तारा मोजल्या. एकतीस. बाईंनी मोजल्या. एकतीस. बत्तिसाव्या भोकावर धुळीसाठी लावलेलं रबरी झाकण होतं आणि त्यावर धूळही होती. शेजारचा दिवा मात्र लागलेला.

काकांनी झाकण काढलं, आत बोट घालून बघितलं, परत बसवलं. दिवा लागलेलाच होता.

“दिवा बिघडलाय,” काका म्हणाले.

बाईंना आता चैन कुठलं पडायला. त्यांनी त्या भोकाच्या वाहतुकीचा, म्हणजे तिथून काय येतं-जातं त्याचा, आलेख काढला. दिवसभर रेष सपाट. सकाळी मात्र बारीक बारीक टोकं, थोड्या थोड्या वेळाने एकेक, आणि मग पुन्हा सपाट. सगळी वाहतूक आत येणारी. उलट काहीच जात नव्हतं. त्यांनी मागचा महिना काढला, मागचं वर्ष काढलं. रोज तेच. सुरुवात दहा वीसला, शेवट अकराला.

त्यांनी टोकं मोजायला घेतली. चाळिसाच्या पुढे गेल्यावर त्यांचा हात मंदावला. एकसष्टावर त्या थांबल्या, कारण पुढे टोक नव्हतंच.

घरी त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं. वडील चहात बिस्कीट बुडवत ऐकत होते. बिस्कीट तुटून पडलं, तरी त्यांनी ते काढलं नाही.

“त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?”

“आहे. दोनदा लावला. वाजतो, उचलत नाहीत.”

“तू फॉर्मबद्दल विचारायला लावला असशील. त्यांचं काही काम असेल तेव्हा लाव. आणि काय हवंय ते विचार. आपण सगळ्यांना नुसतं सांगत सुटतो गं.”

तशी वेळ पंधरवड्यात आली. जुनं कपाट कायमचं बंद करून तारा नव्या खोलीत न्यायच्या होत्या. सकाळी साडेदहाची वेळ ठरली. दहाच्या आत एकतीस होकार आले. बत्तिसाव्याचं उत्तर दहा पंचवीसला आलं. त्यात एकच शब्द होता.

‘थांबा.’

साहेब खोलीत येऊन उभे होते. “बाई, यादीत नाव नाही, तार नाही, कंपनी नाही. कोणासाठी थांबायचं?”

“साहेब, नियम आहे.”

“नियम शेजाऱ्यांसाठी आहे.”

“तो स्वतःला शेजारी म्हणतोय. आणि एकदा न विचारता बंद केलंय मी. पाच मिनिटं द्या.”

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. काका कपाटाला पाठ लावून उभे राहिले. आता त्यांना हलवल्याशिवाय कोणाला तारेला हात लावता आला नसता.

बाईंनी मोबाइलवरून तो नंबर लावला. ह्यावेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“बोला शेजारी.” बाईचा आवाज होता, कामात असलेल्या माणसाचा. मागे खूप जण हळू आवाजात बोलत होते, प्रत्येक जण वेगळं काहीतरी.

“थांबायचं कशासाठी?”



“बरं झालं विचारलंत,” ती म्हणाली. “आमच्याकडे एक कॉल आहे. लागायचा राहिलाय.”

“कुठे लागायचाय?”

“आता तुमच्याकडेच देतोय. जिथे लावायचा होता, तिथे कोणी उचलत नाही.”

मोबाइलवरचा कॉल तुटला आणि भिंतीवरचा फोन वाजला.

साहेबांनी काकांकडे बघितलं. काकांनी जमिनीकडे.

बाईंनी रिसीव्हर उचलला.

“हॅलो,” म्हातारा आवाज, दम लागलेला. “ऐकू येतंय का हो? मी कधीचा लावतोय. हिला श्वास घेता येत नाहीये. पत्ता लिहून घेता?”

“सांगा,” बाई म्हणाल्या.

आजोबांनी पत्ता सांगितला. बाईंनी लिहून घेतला. पाठ असलेला पत्ता त्यांनी एकेक अक्षर करून लिहिला, आणि परत वाचूनही दाखवला.

“बरोबर,” आजोबा म्हणाले. “येतील ना?”

“येतील. आजोबा, मी इथेच आहे. फोन ठेवू नका.”

दुसऱ्या हाताने त्यांनी मोबाइलवरून ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तो लगेच लागला. त्यांनी पत्ता सांगितला, पेशंट बाई आहेत, श्वासाचा त्रास आहे, म्हणून सांगितलं. आणखी काही सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

रिसीव्हरमध्ये आजोबा कोणाला तरी म्हणत होते, “लागला गं. लागला एकदाचा.”

अकराला दोन मिनिटं कमी असताना दार उघडल्याचा आवाज आला. फोन बंद झाला.

पडद्यावर एक ओळ उमटली.

‘कळलं. वाहतूक वळवली. बंद करा.’

अकरा वाजता बाईंनी मान डोलावली आणि काकांनी मुख्य बटण दाबलं. दिवे एकेक करून विझले. झाकणाशेजारचा सगळ्यांत शेवटी विझला. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या. साहेबांनी स्वतः त्यांना पाणी आणून दिलं.

सव्वाअकराला बाईंचा मोबाइल वाजला. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता, जरा वैतागलेला.

“बाई, दोन-दोन ठिकाणी कळवता का हो तुम्ही? आम्ही आलो तर घराला कुलूप. शेजारची बाई म्हणते, आत्ताच एक गाडी येऊन दोघांना घेऊन गेली. आजींना स्ट्रेचरवर घातलं, आजोबा मागे बसले.”

“ती बाई त्यांना ओळखते?”

“नाही हो, नवी आहे. दोनच महिने झाले म्हणते राहायला येऊन. ह्या घरात कोणी राहतं हेच तिला माहीत नव्हतं. पण आजोबा जाताना तिच्या हातात घराची किल्ली देऊन गेलेत. मी म्हटलं, आमच्याकडे द्या, आम्ही दवाखान्यात पोचवतो. तर देत नाही.”

“का?”

“म्हणते, ते दोघं संध्याकाळी परत येणार आहेत. त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसलीये.”