सवतीचा टाक

क्लोरिनचं वजन साडेपस्तीस.

चैत्रात आटत आलेली विहीर.

हैदराबादहून कपड्यांत गुंडाळून आणलेला पितळी तराजू.

चांदीचा टाक, त्यावर बाईचा ठसा.

यातलं काहीही रचलेलं नाही. बीडजवळच्या पालीत, निजामाच्या राज्यात, १९३६ साली हे घडलं. रात्री नाही... भर दुपारी.

उत्तरेश्वर हैदराबादच्या कॉलेजात रसायन शिकत होता. सुट्टीला घरी आला, तर थोरल्या भावाची, शहादेवची, नवी बायको सत्यभामा मान वाकडी करून वावरताना दिसली.

शहादेवची पहिली बायको चंद्रभागाबाई मागच्या पावसाळ्यात विहिरीत बुडाली होती. पाय घसरला, असं शहादेवनं सांगितलं. रीतीप्रमाणे तिच्या नावाचा टाक दुसरीच्या गळ्यात आला. मेलेल्या सवतीला मान मिळाला की ती शांत राहते, म्हणतात.

"भावजी, ह्यो टाक जड हुतो," सत्यभामा हळूच म्हणाली. "समदा येळ न्हाई. मधीच."

तिच्या मानेवर दोऱ्याचा काळानिळा वळ होता.

"काढून ठेवा की मग, वयनी."

"आन तिचा राग कुणावर निघंल?"

सासू भिवराबाई भाकरी थापता थापता बोलली, "म्हायेरी जायाचे नखरे हायेत हे. आमी काय गळ्यात दगड बांधलाय व्हय?"

उत्तरेश्वरनं तराजू काढला. दुसऱ्या दिवशी टाक सत्यभामेकडून तोलण्यापुरता मागून घेतला आणि ओसरीवर सकाळपासून पुन्हा पुन्हा तोलला. दर वेळी तेवढाच भरला.

एकदा मात्र... पारडं खाडकन खाली बसलं.

दुप्पट वजनं टाकली, तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

त्या वेळी शहादेव शेतातून येऊन दारात उभा होता.

तो पाय धुवायला मागं गेला. टाकाचं पारडं... आपोआप वर आलं.

उत्तरेश्वर मागं सरकला. पण शिकलेलं डोकं. काटा अडकला असेल, म्हणून त्यानं सगळी वजनं मिळवून सरासरी काढली. ती नेहमीच्या वजनाच्या जवळपासच निघाली.

"क्लोरिनचंही असंच आहे, दादा," जेवताना तो शहादेवला सांगू लागला. "काही अणू पस्तीसचे, काही सदतीसचे. गुण एकच, वजन तेवढं निराळं. उर्दूत त्यांना हमजा म्हणतात, एका जागेवरचे. सगळे मिळून सरासरी साडेपस्तीस."

"मंग साडेपस्तीसचा अणू दिसाया कसा आसतो रं?"

"तसा एकही नसतो."

"जे न्हाईच ते तोलाया शिकतू तू. आन त्यापायी बापानं तुला हैदराबादला धाडलं."

सत्यभामा तांब्या घेऊन उभी होती. "एका जागंवरच्या दोगी," ती पुटपुटली. "येक हलकी, येक जड."

"टाकात काही नाही, वयनी. मी तोललाय."

"ऐकलंस?" शहादेव उठला. त्यानं ओसरीवरचा टाक उचलला आणि सरळ स्वतःच्या गळ्यात अडकवला. कुठल्याच पुरुषानं कधी असं केलं नव्हतं. "बघतो किती जड हाय ती. जित्तेपणी तर तिचं काय वजन न्हवतं."

भिवराबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

टाक घालूनच तो बैलांसाठी पाणी शेंदायला गेला.

रहाट करकरत होता.

मग... थांबला.

हाक आली नाही. लिंबावरचे होलेही गप्प झाले.

उत्तरेश्वर धावला. विहिरीत पाणी कमरेएवढंच. शहादेव त्यात पालथा पडलेला. हातपाय झाडत होता... मान मात्र तळाला टेकलेली.

उत्तरेश्वर आणि बंकट गडी खाली उतरले. दोघांनी ओढलं. खांदे वर येत होते, डोकं येत नव्हतं. शेवटी बंकटनं विळ्यानं दोरा कापला.

शहादेव लाकडासारखा तरंगत वर आला.

संपलेला.

टाक गाळात सापडला. उत्तरेश्वरनं तो तोलला.

नेहमीएवढाच.

सत्यभामेनं तो तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि देवघरात ठेवला.

"आता ती जड व्हनार न्हाई, भावजी," ती म्हणाली.

तिच्या मानेवरचा वळ... नव्हता.

पुढं उत्तरेश्वर मास्तर झाला. क्लोरिन शिकवताना तो सरासरीपाशी अडखळे, आणि फळ्यावरचा एकेक आकडा वेगळा वाचून दाखवी. मागं दाराशी कुणी उभं राहिलं, तर वाचणं थांबे.

चंद्रभागाबाईचं माहेर गोदाकाठचं. लग्नाआधी ती पुराच्या पाण्यातही नदी पोहून पलीकडं जायची.