जावयाची विलायती सायकल

सायकलीला काय भ्यायचं, असं तुम्ही म्हणाल. कारभारीलाही तसंच वाटलं होतं. देवळाली प्रवराजवळच्या वाडीत तो शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, इंजिनं गप्प झाली आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लेकीचं, चांगुणाचं, लग्न ठरलं. आधीची दोन स्थळं ठरून मोडली होती. हे तिसरं मोडलं असतं तर पोर घरातच राहिली असती. जावई सूर्यभान साखर कारखान्यात कामाला होता. त्याची अट एकच. सायकल हवी, आणि तीही विलायती पोलादाची. जुनी चालेल, पण दुसरी नको.

पाथर्डीच्या बाजूला एका घरी तशी सायकल पडून आहे, असं कुणीतरी सांगितलं. कारभारी एस.टी.नं गेला. सायकल कुडाला टेकून उभी होती, गंजानं तांबडी झालेली. लंकाबाई नावाच्या म्हातारीनं त्याला आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कुनासाठी नेताय?"

"सोतासाठीच. का वो?"

"लेकीच्या लग्नात दिल्ती. वरीस बी झालं न्हाई, पोर सासरच्या हिरीत..." ती थांबली. "जावयानं सायकल दारात आनून टाकली. मागं बसायची लई हौस हुती तिला. कुनाच्या लग्नात देऊ नगा भाऊ. तेवढं कबूल करा."

"न्हाई देनार. शपथ," कारभारी म्हणाला.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. कारभारीला होती, त्यानं ती बांधून ठेवली. सायकल एस.टी.च्या टपावर टाकली आणि घरी येऊन बायकोला, केशरबाईला, सांगितलं की पेन्शनीत निघालेल्या एका मास्तरची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली त्यानं सायकल सगळी खोलली. साखळी रॉकेलमध्ये भिजत घातली, तारेच्या ब्रशानं गंज खरवडला. गंजाखाली पोलाद अजून धडधाकट होतं. ते बघून त्याला बरं वाटलं, हात भराभर चालू लागले. मग सीटचा दांडा उपसून त्यानं फ्रेम उलटी केली आणि पोकळ नळीतून तांब्याभर पाणी भळ्ळकन पायावर पडलं. गारढोण. हिरवट. शेवाळाचा वास येणारं.

पावसाचं साचलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण पाऊस पडलाच होता कुठं? त्यानं फ्रेम दिवसभर उन्हात उलटी टांगली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी खाली घेतली तर पुन्हा तेवढंच पाणी.

केशरबाई टँकरवरून हंडा घेऊन येत होती. ओली जमीन बघून ती जागीच उभी राहिली. "ह्ये पानी कुठलं?"

"सायकल धुतली."

"हितं प्यायला न्हाई अन् तुमी सायकली धुता व्हय? धन्य हाय तुमची!"

तो हसला नाही. मागच्या चाकाचं फ्रीव्हील साफ करताना त्याच्या बोटांत केस आले. लांब, ओले, दात्यांभोवती घट्ट गुंडाळलेले. चिमट्यानं ओढले तसे आणखी येत राहिले... हातभर... दोन हात... चांगुणाचे म्हणावेत तर विषमज्वरानं तिचे केस गळून खांद्यापर्यंतच आले होते.

त्या घटकेला सायकल मोडीत टाकावी असं त्याला फार वाटलं. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. लोकांना काय सांगायचं? त्यानं नळीच्या तोंडात ग्रीसचा बोळा ठासला, काळा रंग मारला, वर सोनेरी रेघ ओढली. सायकल अशी दिसू लागली की आख्खी वाडी बघायला आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, केशरबाईनं ताट आणलं. "चांगुणा, हळदकुंकू लाव गं. आपल्याला नवीच हाय ती."

चांगुणानं हँडलला कुंकू लावलं. मग कुणी न सांगता मागे गेली आणि कॅरियरलाही लावलं. तिथं ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली, मान पुढे करून. सरळ झाली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं. इतकं ओलं, की त्याचा ओघळ नाकावर आला.

"म्या तर तुला अजून लावलंबी न्हाई..." केशरबाई म्हणाली.

"लावलं की," चांगुणा हळूच म्हणाली. "म्या तिला लावलं, तिनं मला."

उपरण्याचं टोक धरून कारभारी पुसायला धावला. केशरबाईनं त्याचं मनगट धरलं. "येड लागलं काय? उद्या लगीन अन् पोरीचं कुकू पुसता?"

सांगायचं तर तेव्हाच होतं. त्यानं तोंड उघडलंही.

"काय झालं?" केशरबाईनं विचारलं.

"...काय न्हाई."

लग्न लागलं. पंगतीत सूर्यभान रीतीप्रमाणे रुसला, सायकल पुढे आणली तसा हसला. वऱ्हाड बैलगाड्यांनी निघालं, पण नवरीला तो सायकलीवरूनच नेणार होता. चांगुणा जन्मात सायकलीवर बसली नव्हती. पडेल म्हणून केशरबाई कळवळत होती. सूर्यभाननं टांग मारली, सायकल चालू लागली. चांगुणा शेजारून दोन पावलं धावली आणि चालत्या सायकलीवर अल्लद बसली, पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचत. बायका हसल्या. "कवा शिकली गं?"

निंबाखाली कारभारी उभा होता. तिथं तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून सायकल थांबवली. बोलायला लागल्यापासून ती बापाला दादा म्हणत आली होती.

"मामा," ती म्हणाली, "आमच्या आईला एक निरोप द्याल? म्हनावं, मी परत नांदायला चालले."

केशरबाई डोळे पुसत पुढे आली. "अगं, मी हितंच हाय की बाई..."

चांगुणानं तिच्याकडे बघितलं, वाटेवरच्या परक्या बाईकडे बघावं तसं. मग सूर्यभानच्या कमरेला हात घालून म्हणाली, "चला. लई उशीर झाला."