मागच्या सीटचे पट्टे

सकाळी अकराच्या सुमारास धुकं उठलं आणि जर्मनीतल्या ऱ्होनच्या पठारावरचं गवत नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं चमकायला लागलं. ओर्ट्रुन बिनइंजिनाच्या ग्लायडरच्या पंखावरचं दव फडक्यानं पुसत होती. सत्तावन्न वर्षांची, गावची बस चालवणारी बाई. घाटातल्या बर्फातही तिचा हात कधी कापला नव्हता. आज मात्र बोटं गारठली होती.

आज एकटीनं उडायचं, नाहीतर हा नाद कायमचा सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं. गेल्या शरदात ग्लायडरला वर खेचणारा दोर अर्ध्यातच तुटला, आणि ती विमान वळवायचा दांडा धरून नुसती थिजली. मागच्या सीटवरून तिच्या म्हाताऱ्या, ढेरपोट्या शिक्षकांनी, गुंडोल्फनी, विमान उतरवलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वसंत येऊ दे पोरी, मीच तुला एकटी सोडतो. आणि पहिली चापट माझी हं!"

फेब्रुवारीत ते गेले.

चापटीची रीत तिथली जुनी. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याला ओणवं करायचं आणि क्लबातल्या प्रत्येकानं बुडावर एकेक हाणायची. म्हणजे ग्लायडरला उचलणारी, वर चढणाऱ्या हवेची ऊब बुडाला आधी कळते, म्हणे. मग हातात काटेरी जांभळ्या फुलांचा गुच्छ.

"ओर्ट्रुन, तुझ्यासाठी काटे निवडून आणलेत बरं का!" पलीकडच्या टोकाच्या यंत्रावरून एकार्ट रेडिओवर ओरडला. दोर ओढायचं काम त्याचं.

"तू दोर नीट ओढ मेल्या, काट्यांचं मी बघते."

मारायके, तिची नवी शिक्षिका, मागच्या सीटवरून उतरली. रिकाम्या सीटचे पट्टे सुटे राहिले तर दांड्यात अडकतात. ओर्ट्रुननं ते स्वतः लावले, गादी चिमटेपर्यंत आवळले.

"मागचे पट्टे बसले?"

"बसलेत."

दोर ताणला गेला. गवत पळालं, मग खाली पडलं, मग नुसतं आभाळ. वर पोचल्यावर तिनं दोर सोडला आणि सगळीकडे शांत झालं.

फार शांत. चढ-उतार सांगणारं यंत्र रडका सूर काढू लागलं. उंची ओंजळीतल्या पाण्यासारखी गळत होती. हात पुन्हा गार पडू लागले.

टक टक.

डावीकडून. मागून.

गुंडोल्फ हवेत कधी बोलत नसत. ऊब ज्या बाजूला असेल, त्या बाजूला बोटाच्या पेरानं दोनदा ठोकत.

उन्हानं अंग तडतडलं असेल विमानाचं, ती मनाशी म्हणाली. पण तिनं डावीकडे वळवलं.

खालून कुणीतरी तळहातावर उचलून घ्यावं, तसं ग्लायडर चढू लागलं. यंत्र किलबिललं. एक तांबडी घार आली आणि पंखाला पंख लावून तिच्यासोबत घिरट्या घालू लागली. ओर्ट्रुन हसली, मोठ्यांदा. हात कधी ऊबदार झाले, तिला कळलंच नाही.

वीस मिनिटांनी ती अशी उतरली, की गवतालाही जाग आली नाही.

"वाक, बाई, वाक!" सगळे धावत आले. बाराजण तिच्यासमोर हसत, ढकलाढकली करत रांग लावत होते.

ती वाकली. तोच मागून पहिली पडली. रुंद, मऊ हाताची.

"एकार्ट, मेल्या!"

"मी नाही बाई," एकार्ट म्हणाला. तो तिच्या समोर उभा होता. दोन्ही हातांत काट्यांचा गुच्छ.

बाकीच्या बारा चापटा तिनं मोजून घेतल्या.

"परीक्षेला तीन उड्डाणं लागतात," मारायकेनं हाक दिली. "अजून दोन! चल, ऊन आहे तोवर!"

ओर्ट्रुन मागच्या सीटवर वाकली. पट्टे लावलेलेच होते. पण एका जाड्या माणसाच्या पोटाएवढे लांब झालेले. तिनं ओढून पाहिले. आवळेनात. कशाला तरी मऊ, भरीव अशाला अडत होते.

आणि ते हळूच वर-खाली होत होतं.

"मागचे पट्टे बसले?" मारायकेनं विचारलं.

ओर्ट्रुननं हात अलगद काढून घेतला, पुढं बसली आणि दांडा धरला. हात गार नव्हते.

"बसलेत," ती म्हणाली.