बाणाची एक चक्कर

“…आणि दुपारी दार लावलं, की तो सोमनाथ स्वतः येऊन त्या बाणाला—”

एवढंच ऐकू आलं. गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि अक्काबाईंचं पुढचं बोलणं त्या घरघरीत गेलं. मी जवळ सरकले, तर म्हणाल्या, “लताबाई, तुमचे गहू लागले बघा.”

आता तुम्हीच सांगा, माझ्या भिंतीपलीकडच्या घरातली गोष्ट, आणि मलाच अर्धी? पिठाचा डबा घरी टेकवला, विरजणासाठी रिकामी वाटी घेतली आणि ज्योत्स्नाच्या दारात जाऊन उभी राहिले. दोन हजार तीन सालचा मार्च, भर दुपार.

तिचा नवरा सोमनाथ आमच्या नाशिकरोडच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं बघायचा. दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्याच्या जागी ज्योत्स्नाला घ्यायचं ठरलं होतं, पण कॉम्प्युटरची परीक्षा पास झाली तरच. नाहीतर दिंडोरीला, दिराच्या द्राक्षबागेत राबायला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले. तापलेल्या मशीनचा धुळकट वास, आणि त्यात… ओव्याचा. सोमनाथच्या खिशात कायम ओव्याची पुडी असायची.

ज्योत्स्नाचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि समोर स्क्रीनवर पांढरा बाण चालत होता. सावकाश. एका बटणापाशी आला, त्याच्याभोवती गोल चक्कर मारली, क्षणभर थांबला… आणि टक्.

लांब देवळालीला तोफांचा सराव चालू होता. खिडकीची काच थरथरली, तशी मीही.

“तोफांनी हलतोय का गं तो?”

ती दचकली, मग हसली. “काकू, धडा आहे हा. ह्यांनी स्टाफला शिकवायला सीडी केली होती ना, ती. स्वतःच्या हाताने बाण फिरवून भरून ठेवलाय. आधी तो आपोआप जातो, आपण बघायचं. मग सोडून देतो, आपण करायचं.”

“आणि ती चक्कर?”

“जेवताना ताटाभोवती पाणी फिरवायचे, तशी. इथेही सवय सुटली नाही. म्हणायचे, आधी फिरव, वाच, मगच दाब.”

“आणि अक्काबाई म्हणे भूत! कॅल्क्युलेटर पाहिला तरी घाबरतील त्या!” मी मोठ्याने हसले. जरा जास्तच मोठ्याने.

मग तिची पाळी आली. तिने माऊस धरला आणि धडाधड दाबत गेली. ‘नोंद ठेवा’च्या जागी ‘खाते बंद’. धडा पुन्हा पहिल्यापासून. तीनदा तेच.

“हात पुढे धावतो हो काकू,” ती म्हणाली. “रविवारी परीक्षेत असं झालं, तर सोमवारी दीर सामान न्यायला येतील.”

विरजण तसंच राहिलं. ओव्याचंही विचारायचं राहिलं.

रविवारी मी तिच्यासोबत गेले. पतसंस्था बंद, तोफाही बंद. साहेबांनी तिला नव्या मशीनवर बसवलं. “सीडीबिडी काही नाही हं बाई, थेट काम.” मी काचेच्या पार्टिशनबाहेर बाकावर. स्क्रीन मला तिथून नीट दिसत होती.

सुरुवात बरी गेली. मग तेच पान आलं, आणि बाण ‘खाते बंद’वर जाऊन बसला. ज्योत्स्नाचं बोट उचललं गेलं… आणि तिला रडू फुटलं. तिने माऊस सोडला, पदर दोन्ही हातांनी डोळ्यांना लावला.

बाण हलला.

मी काचेवर तळहात टेकला. काच गप्प होती. बाण सावकाश खाली उतरला, ‘नोंद ठेवा’भोवती एक चक्कर मारली… आणि थांबला. नुसता थांबला. माझ्या नाकाशी ओव्याचा वास आला.

ज्योत्स्नाने डोळे पुसले, वाचलं, आणि बोट टेकवलं.

पास झाली पोरगी. सोमवारी दीर आले, ते पेढे खाऊन परत गेले.

गिरणीत अक्काबाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. “काय हो, तोच दाबतो ना सगळं? खरं सांगा.”

“छे!” मी म्हटलं. “मी डोळ्यांनी पाहिलंय. दाबते तीच.”

फिरवतं कोण, ते त्यांनी विचारलं नाही.