लाल ठिपक्याचा माउंट

ऑर्व्हिल हॅस्केट स्वतःच्याच बंदुकांच्या दुकानात, मागच्या टेबलाजवळ मरून पडला होता. हातात त्याचं पिस्तूल होतं. त्यातून एकही गोळी सुटली नव्हती.

डेप्युटी शेरीफ ओपल लिंडक्विस्ट पोहोचली आणि तिच्यामागे बर्फानं रस्ता बंद केला. वायोमिंगच्या जानेवारीत दुसरं काय होणार? उद्या सकाळपर्यंत कुणालाच बाहेर पडता येणार नव्हतं. आत ओपल, ऑर्व्हिलची मुलगी टॅन्सी आणि शेजारी रॉइस ड्युगन, ज्यानं गोळी झाडल्याचं स्वतःच कबूल केलं होतं.

जीव वाचवायला झाडली, असं त्याचं म्हणणं. ते टिकलं तर ऑर्व्हिल हल्लेखोर ठरणार होता आणि टॅन्सीला ते नाव घेऊन याच गावात जन्म काढावा लागणार होता.

ओपलनं रॉइसला मागच्या खोलीत बसवलं.

"पिस्तूल कुठं होतं?"

"टेबलावर. टॅन्सी घरात सूप गरम करायला गेली, तसं ऑर्व्हिलनं ते उचलून कमरेच्या चामडी होल्स्टरमध्ये घातलं. मग पाटाच्या पाण्यावरून आमचं वाजलं."

"होल्स्टरची पट्टी लावली होती?"

"लावली होती. अंगठ्यानं उघडली, टक्कन आवाज आला. अगं, तुला शाळेत सोडायला माझीच बस यायची. मी खोटं बोलेन?"

"तुम्ही नीट पाहिलंत?"

"तीस वर्षं पाहतोय. तोच पट्टा, तेच होल्स्टर."

ओपल पुढच्या खोलीत गेली. शेगडीपाशी बसलेल्या टॅन्सीनं तुटक तुटक सांगितलं. बाबांना नेम दिसेनासा झाला होता, म्हणून लाल ठिपका दाखवणारी काच बसवायची ठरली. ती काच धरायला त्यांना मागच्या खाचेत सरकणारा छोटा माउंट, म्हणजे बैठक, हवी होती. तिनं हट्टानं मोठा निवडला, पिस्तुलाच्या बाजूला भोकं पाडून स्क्रूनं बसणारा आणि वरून कमानीसारखा जाणारा. त्यातच सकाळ गेली. अशा पिस्तुलासाठी मागवलेलं नवं होल्स्टर टपालाच्या गाडीत, घाटात अडकलं होतं.

ओपल उठली. हातमोजे घालून तिनं पिस्तूल रिकामं केलं, मृताचा पट्टा सोडवला आणि रॉइससमोर पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून पाहिलं. नळी दोन बोटं आत गेली आणि माउंट चामड्याला अडला. पट्टी तर पोहोचेचना.

"हे पिस्तूल आज या होल्स्टरमध्ये गेलंच नाही," ती म्हणाली. "ते टेबलावरच होतं. त्यानं ते खरंच उगारलं असतं, तर तुम्हाला होल्स्टरची गोष्ट रचावी लागली नसती. ऑर्व्हिलचे हात रिकामे होते. तुम्ही त्याला मारलंत आणि मग पिस्तूल त्याच्या हातात दिलंत. वरची काच तुम्हाला दिसली, पण पिस्तूल केवढं फुगलंय हे लक्षात आलं नाही. तीस वर्षं जे पाहिलंत तेच आज सांगितलंत."

रॉइसनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर नुसता बर्फ होता. "पाट माझा होता," तो एवढंच बोलला. ओपलनं त्याला तिथल्या लेथ मशीनला बेडी घालून बांधलं.

टॅन्सीला सांगताना ओपलला वाटलं, पोरीच्या मनावरचं ओझं उतरेल.

"तुझ्या बाबांनी हत्यार काढलं नव्हतं."

टॅन्सी ओपलच्या हातातल्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"छोटा माउंट पाच मिनिटांत बसला असता आणि पिस्तूल याच होल्स्टरमध्ये परत गेलं असतं," ती म्हणाली. "त्यांच्या कमरेवरून हत्यार मी काढून घेतलं होतं, ओपल."