बोटभर फट

पांघरुणं ओढून बसा, पण ती खिडकी बोटभर उघडी राहू दे. का ते सांगतो.

माझ्या चांगल्या ओळखीतला एक सुतार होता. थंडीच्या तोंडावर लोकांच्या घरांच्या फटी बुजवायचं काम त्याच्याकडे असे. चौकटीत पुट्टी भरायची, दाराला रबराची पट्टी ठोकायची. हात इतका साफ, की त्याने बंद केलेल्या खोलीत शिरायची वाऱ्याची बिशाद नव्हती. मात्र खिडकीच्या वर बोटभर फट तो सोडायचाच. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी ऐकायचा नाही.

हा नेम त्याने एकदाच मोडला, थोरल्या बहिणीसाठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. आता ती एकटीच राहायची, त्याच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. जानेवारीची सतरा तारीख, गुरुवार. दुपारी तो तिच्याकडे कामाला गेला.

"ती वरची फट कशाला ठेवतोस? सगळा गारठा माझ्या मानेवर उतरतो," ती म्हणाली.

"ताई, कोळशाची शेगडी पेटवलीस तर? कोंडलेला वायू झोपेतच जीव घेतो."

"विजेचा हीटर आणलाय की. शेगडी माळ्यावर टाकलीय. आणि मला शिकवू नकोस, तुझं नाक पुसलंय मी."

तो हसला. फट बुजवून घरी आला.

संध्याकाळी सातला सगळ्या वस्तीची वीज गेली. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली, तेव्हाही अंधारच होता. वीज नाही म्हणजे ताईचा हीटर नाही, आणि हीटर नाही म्हणजे शेगडी, एवढं त्याच्या मनात आलं. पटाशी आणि बॅटरी उचलून तो अनवाणीच पळाला.

दाराला आतून कडी. त्याने हाका मारल्या, दार बडवलं. मग खिडकीवर बॅटरी मारली.

ताई काचेला लागून उभी होती.

त्याला केवढं हायसं वाटलं. "ताई, कडी काढ."

ती नुसती बघत राहिली. ओठ हलले. आवाज नाही. तिच्या श्वासाने काच धूसर झाली.

"ताई... शेगडी पेटवलीस का?"

तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

खिडकीला बाहेरून बारीक लोखंडी जाळी होती. चोरांच्या भीतीने त्यानेच ठोकलेली. पटाशी काचेपर्यंत पोचेना. दाराच्या कडेला लावली, तर तिथे रेघभरही जागा नाही. पट्टी त्याचीच. खिळे त्याचेच. ती वीतभर अंतरावर... आणि त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. तो लहान पोरासारखा रडत होता.

शेवटी शेजारचा ड्रायव्हर पहार घेऊन धावला. दार मोडलं.

शेगडी खोलीच्या मध्यावर होती. कोळसे विझलेले. ताई पलंगावर, रजई गळ्यापर्यंत. ताठ. डॉक्टर आले, त्यांनी हात लावून पाहिला. म्हणाले, रात्री दहाच्या आतच संपलं होतं सगळं.

सुताराने खिडकीकडे बोट दाखवलं.

तिथे कुणी नव्हतं. पण काचेवर, आतल्या बाजूने, तोंडाच्या उंचीला, एक धूसर गोल होता. ड्रायव्हरने बाहीने पुसला. परत उमटला.

लहान व्हायचा... मोठा व्हायचा...

उजाडेपर्यंत.