डिअर कॅम्पमधलं दान

धर्मराजकाकांनी शिकारीची केबिन विकत घेतली तेव्हा इथल्या ट्रॉय गावातल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांचं चांगलंच हसं झालं. रोज सकाळी पंचशील म्हणणारा, घरात शिरलेला कोळी पोस्टकार्डावर घेऊन अंगणात सोडणारा माणूस, आणि याला म्हणे डिअर कॅम्प हवा. कंपनीतला एक जुना सहकारी म्हातारपणी फ्लोरिडाला निघाला होता. त्याने गळ घातली आणि काकांना नाही म्हणता आलं नाही. केबिन पार उत्तरेला, मॅकिनॉचा लांबलचक पूल ओलांडून पुढे दोन तास, त्यातले शेवटचे चार मैल कच्चा रस्ता. एकच खोली, लाकडं जाळायची शेगडी आणि भिंतीवर हरणाची शिंगं. पहिल्या दिवशी काकांनी त्या शिंगांची हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी शीलाकाकूंनी त्यांच्यावर टॉवेल वाळत घातले.

हे माझे सख्खे काका-काकू नव्हेत. काका म्हणजे बाबांचे नागपूरचे मित्र. मी एमएस करायला आले तेव्हा हे दोघं भर बर्फात थर्मासभर चहा घेऊन विमानतळावर उभे होते, आणि पुढचे सहा महिने मी त्यांच्या बेसमेंटमध्ये काढले. त्यांना मूलबाळ नाही. एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नाही. चार वाजले की काका असतील तिथून हाक मारणार, ‘शीला, चहा घेणार ना?’ विचारणार हे आणि करणार त्या. चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी एकदाही गॅस पेटवलेला नाही. या दोघांकडे पाहूनच मी लग्नाला हो म्हटलं, पण हे मी माझ्या नवऱ्याला, विनयला, कधी सांगितलेलं नाही. उगाच चढून बसेल.

पहिल्याच हिवाळ्यात केबिन फुटली. खिडकीची काच फोडून जनरेटर नेला. मी जाऊन मोठं कुलूप लावलं, तर पुढच्या खेपेला कडीकोयंडा उखडून हिटर आणि रजया नेल्या. शेरीफच्या ऑफिसमधला माणूस म्हणाला, या भागात हे चालायचंच, सामान ठेवू नका. मी गाड्यांच्या दारांची कुलपं डिझाइन करते, वीस वर्षं तेच करतेय, त्यामुळे मला ही चोरी काकांपेक्षा जास्त झोंबली. मे महिन्यात मी उघडझाप नोंदवणारं नवं कुलूप आणि दर तासाला फोनवर फोटो पाठवणारा, आवाजही टिपणारा एक कॅमेरा घेऊन त्या दोघांबरोबर केबिनवर गेले.

कुलूप पाहून काकांनी मान हलवली.

‘उपासना, अजून किती पक्कं करशील? त्या बिचाऱ्याला आपण चोर काहून व्हायला लावायचं? न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. मग आपण देऊनच टाकू. प्रॉब्लेम सॉल्व्ह.’

‘काका, हे इन्शुरन्सवाल्यांना सांगू नका.’

पण ते ठरवून बसले होते. काकू बाहेर गाडीत डबे भरत होत्या. काका कोपऱ्यातल्या छोट्या बुद्धमूर्तीसमोर हात जोडून उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, ‘या घरात आत्ता जे जे आहे, ते मी दिलं.’ शरण तीनदा जातात तसं तीनदा म्हणाले. विहारात दानानंतर सगळे म्हणतात तसं मी शेगडीजवळून ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. मला हसू येत होतं, पण त्यांच्यासाठी मी याहून वेडगळ गोष्टही केली असती.

तरी निघताना मी कुलूप आणि कॅमेरा गाडीतून आणून लावलाच.

जूनमध्ये किटली गेली. सकाळी अकराच्या फोटोत शेगडीवर किटली होती, बाराच्या फोटोत नव्हती. कुलपाच्या नोंदीत दार उघडलेलं नव्हतं. मी कॅमेऱ्याला दोष दिला. मग कंदील गेला, मग पलंगावरचं घोंगडं, मग पलंग. सगळं भरदिवसा, लख्ख उजेडात. मी जुलैत जाऊन पाहून आले. खिडक्या शाबूत, दार शाबूत, जमिनीवरच्या धुळीत एक पाऊल नाही. एका शनिवारी मूर्ती गेली, दुसऱ्या शनिवारी शिंगं. काकू म्हणाल्या, गरज असेल कुणाला. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीच्या जेवणानंतर मी काकांना फोनवर ती रिकामी खोली दाखवली, तर ते समाधानाने म्हणाले, ‘चला, सगळं पोचलं.’

सगळं पोचलं नव्हतं. ते दान दिलं तेव्हा त्या खोलीत सामानाखेरीज आम्ही दोघंही उभे होतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा यायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी काकूंचा फोन आला. त्या घाबरल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या.

‘उपासना, हे मला अहो-जाहो करतायत गं.’

मी जाऊन पाहिलं. काका डायनिंग टेबलाशी ताठ बसले होते, परक्या घरी बसतात तसे. मला त्यांनी लगेच ओळखलं. माझा बेसमेंटमधला मुक्काम, माझे बाबा, कंपनीतले प्रोजेक्ट, नागपूरच्या शाळेतले मास्तर, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त काकूंच्या नावाने पाटी कोरी. लग्नाच्या फोटोत स्वतःला बघून ते खूश झाले आणि शेजारी बोट ठेवून अदबीने म्हणाले, ‘या कोण?’ हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल आलं.

माझंही काही गेलं असेल का, हे मी त्या दिवसांत सारखी तपासून बघत होते. नाव, काम, पासवर्ड, विनय. सगळं जागच्या जागी होतं.

मंगळवारी दुपारी चार वाजता ऑफिसमध्ये फोन वाजला. केबिनमध्ये आवाज झाल्याची सूचना होती. मी उघडून पाहिलं. रिकामी खोली, जमिनीवर उन्हाचा एक चौकोन. आणि त्या रिकाम्या खोलीतून काकांचा आवाज आला. लाडिक, हक्काचा, गेला आठवडाभर त्यांच्या तोंडून न आलेला.

‘शीला, चहा घेणार ना?’

दुसऱ्या दिवशीही चार वाजता तेच. तिसऱ्या दिवशी मी काकूंना ऐकवलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्यांनी पदर सावरला, पुन्हा ऐकलं आणि त्यांचा चेहरा निवळला.

‘हे तर तिथं आहेत,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आपण जाऊ, दान परत मागू. सोफ्यावर बसलेल्या काकांनी पेपर खाली केला. ‘दिलेलं परत मागायचं नसतं, उपासना. या बाईंना त्रास होतोय हे दिसतं मला, आणि वाईटही वाटतं. पण मागू नका.’

काकूंनी फोन माझ्या हातात परत दिला.

‘बरोबर आहे त्यांचं,’ त्या म्हणाल्या. ‘मागायचं नाही. तू मला तिथं नेऊन सोड.’

मी दहा दिवस टाळलं. कामाची कारणं सांगितली, रस्त्याची सांगितली, शेवटी भांडले. काका अर्धे गेलेच होते; आता काकूंची सगळी मायाही त्या खोलीत दान होऊ द्यायची आणि वर ड्राइव्हही मीच करायचं, हे मला सहन होत नव्हतं. काकूंनी भांडू दिलं. मग म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं रोज चारला विचारतात. तिथं उत्तर कोण देणार?’

ऑक्टोबरमध्ये निघालो. पुलावर वारा होता. काकूंनी मला वाटेत बेसनाचा लाडू भरवला.

केबिनशी पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. झाडं लालभडक, ऊन स्वच्छ. मी कुलूप उघडलं. काकू म्हणाल्या, ‘तू बाहेरच थांब.’ चपला उंबऱ्याशी काढून त्या आत गेल्या आणि रिकाम्या कोपऱ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

‘या घरात आत्ता जे जे आहे, ते मी दिलं.’

तीनदा म्हणाल्या.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. मी साधु म्हणणार नव्हते. मी म्हटलं नाही तर कदाचित ते पुरं होणार नाही, अशी मला वेडी आशा होती.

खोलीतून उत्तर आलं.

‘साधु,’ काकांचा आवाज म्हणाला. ‘साधु. साधु.’

काकू बाहेर आल्या. चपला घातल्या. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘रडतेस कशाला गं? चल, उशीर होईल.’

पुलाच्या अलीकडेपर्यंत त्या काकांबद्दलच बोलत होत्या. पूल संपल्यावर गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘उपासना, मला उतरायचंय ते घर कुणाचं?’

दार काकांनी उघडलं.

‘जय भीम,’ काकू म्हणाल्या. ‘मी शीला.’

‘जय भीम. या ना, आत या,’ काका म्हणाले. ‘मी धर्मराज.’

आता त्या घरात दोघं अतिशय सभ्यपणे राहतात. एकमेकांना आधी जेवायचा आग्रह करतात. मी रविवारी जाऊन येते. चहा मीच करते.

रोज चार वाजता मात्र मी फोन कानाला लावते. तिकडे काका विचारतात, आणि काकू म्हणतात, ‘आले हो.’ मग कपबशीचा आवाज, काकूंचं हसणं, काकांची थट्टा. ऐकून मला बरं वाटतं. मी त्या दोघांना गमावलेलं नाही, एवढं तरी त्यातून मिळतं.

काल पहिल्यांदा मी पूर्ण ऐकलं, कारण सुट्टी होती. चहा झाल्यावर तिथं तिसरं कुणीतरी बोलायला लागलं. आवाज माझा होता.

‘निधीचे पुढचे दोन्ही दात पडले, काकू,’ मी सांगत होते. ‘हसली ना, की बघतच राहावंसं वाटतं.’ माझा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकलेला नव्हता.

मी फोन बंद केला. निधी कोण, ते आठवेना. विनयला विचारावं म्हणून स्वयंपाकघरात गेले. तो हल्ली माझ्याशी फार जपून बोलतो. टेबलाशी त्याच्या शेजारी ती लहान मुलगी दुधातलं सीरियल खात बसली होती. मला बघून ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. विनयच्या नात्यातली कुणी असावी, बरेच दिवस राहिलीय. नाव विचारायचं राहूनच गेलंय.